डायमंड क्रॉसिंगवर एका वेळी एकच गाडी

नागपूरचं डायमंड क्रॉसिंग सगळ्यांनी पाहिलेलं नसतं, पण ऐकलेलं असतंच. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे रेल्वेमार्ग इथे एकमेकांना छेदून जातात. चारही दिशांनी गाड्यांची ये-जा चालू असते, पण रूळ जिथे एकमेकांना कापतात त्या जागेवरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. दुसरी कितीही महत्त्वाची असो, तिला आधीच्या सिग्नलला थांबावंच लागतं. आपल्या मेंदूत निर्णय होतात त्या टप्प्याची रचना बरीचशी अशीच आहे. एवढी एक गोष्ट नीट समजली की रोजच्या कामातली बरीच दमछाक, बऱ्याच चुका आणि संध्याकाळचं ते 'दिवसभर राबले, पण झालं काय?' हे सगळं उलगडायला लागतं.

डोळे, कान, हात आपापलं काम एकाच वेळी करू शकतात. पोळ्या लाटताना गाणं ऐकता येतं, चालताना गप्पा मारता येतात. हात लाटण्याला इतका सरावलेला असतो की पुढची हालचाल कोणती हे ठरवावंच लागत नाही. अडचण येते ती दोन्ही कामांना 'आता काय करायचं' हा निर्णय लागतो तेव्हा. चार्ल्स टेलफर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली दाखवलं की एका इशाऱ्याच्या पाठोपाठ लगेच दुसरा इशारा दिला, तर दुसऱ्याला प्रतिसाद द्यायला माणसाला जास्त वेळ लागतो. पुढे हॅरॉल्ड पॅशलर यांनी असे बरेच प्रयोग तपासून १९९४ मध्ये सविस्तर मांडणी केली. दुसरा इशारा दिसतो, ऐकूही येतो, पण त्यावर काय करायचं हा निर्णय पहिल्याचा निर्णय होईपर्यंत ताटकळतो. सरावाने हा उशीर कमी होतो, पण बहुतेक कामांत तो पूर्णपणे जात नाही.

म्हणजे आपण ज्याला 'दोन कामं एकदम करतोय' म्हणतो, त्यात प्रत्यक्षात एक काम थांबवून दुसरं सुरू करणं आणि पुन्हा पहिल्याकडे येणं चाललेलं असतं. ही ये-जा इतक्या झटपट होते की करणाऱ्यालाही कळत नाही. पण ती फुकट होत नाही. घरच्या घरी करून बघा. आधी 'क'पासून 'ञ'पर्यंतची १० अक्षरं मोठ्याने म्हणा, मग १ ते १० आकडे म्हणा, आणि दोन्हींना मिळून किती सेकंद लागले ते पाहा. आता तेच एकाआड एक म्हणा: क, एक, ख, दोन, ग, तीन. अक्षरं तेवढीच, आकडेही तेवढेच. तरी 'छ'च्या आसपास जीभ अडखळते आणि वेळ वाढतो. आर्थर जर्सिल्ड या संशोधकाने १९२७ मध्येच असे प्रयोग केले होते. एकाच प्रकारची गणितं सलग सोडवण्यापेक्षा दोन प्रकारची आलटून पालटून सोडवायला जास्त वेळ लागतो, हे त्याने मोजून दाखवलं. मोबाइल यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. दोष सगळा फोनवर टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फोनने बदलण्याचे प्रसंग अनेक पटींनी वाढवले, पण बदलण्याचा खर्च आपल्यात आधीपासूनच होता.

तो खर्च नेमका कशाचा? रुबिनस्टाइन, मेयर आणि इव्हान्स यांनी २००१ मध्ये त्याचे दोन टप्पे सांगितले. पहिल्यात मेंदू ठरवतो की आता हे काम बाजूला, ते काम पुढे. दुसऱ्यात तो जुन्या कामाचे नियम बंद करून नव्याचे चालू करतो. काम जितकं गुंतागुंतीचं, तितका हा बदल महाग. फोनवर बोलता बोलता कपड्यांच्या घड्या घालणं स्वस्तात पडतं. फोनवर बोलता बोलता हिशेब जुळवणं पडत नाही.

हिशेबाचं मी खात्रीने बोलू शकते, कारण माझं रोजचं काम तेच आहे. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं मासिक विवरणपत्र भरायचं असतं, आणि त्याआधीचे चार-पाच दिवस आमच्यासारख्या कार्यालयांत काय चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. समोर इतवारी बाजारातल्या एखाद्या किराणा व्यापाऱ्याच्या खरेदी बिलांचा गठ्ठा. एका बिलावर रक्कम आहे १८,४५०. डोळ्यांनी ती उचलली, मनात धरली, बोटं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या रकान्याकडे निघाली आणि फोन वाजला. "मॅडम, काय करून राहिल्या? माझं चालान झालं का?" "हो भाऊ, करते, संध्याकाळपर्यंत पाठवते." बोलणं दहा सेकंदांचं. बोटं परत कीबोर्डवर येतात आणि टाइप होतं १४,८५०. आकडे तेच आहेत, क्रम तेवढा बदलला. टाइप करणाऱ्याला काही चुकल्याची पुसटशीही जाणीव होत नाही, कारण मनातून आकडे गेलेलेच नव्हते.

नंतर मिलान करताना, म्हणजे बिलं आणि नोंदी एकमेकांशी जुळवून पाहताना, ३,६०० चा फरक येतो. जुने मुनीम फरकाला आधी ९ ने भागून बघत. पूर्ण भाग गेला तर कुठेतरी शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा, हा त्यांचा आडाखा, आणि त्याला गणिताचा आधार आहे. शेजारी-शेजारी असलेले दोन अंक उलटले की येणारा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. ३,६०० भागिले ९, बरोबर ४००. चूक कोणत्या जातीची त्याचा अंदाज आला, पण कोणत्या बिलात ते शोधायला सगळा गठ्ठा पुन्हा चाळावा लागतो. दहा सेकंदांच्या फोनची किंमत पाऊण तास. आणि तो पाऊण तास फोनच्या नावावर कुणीच लिहीत नाही.

यामागचं कारण असं. हाताळत असलेली माहिती तेवढ्यापुरती धरून ठेवायला मेंदूकडे फार थोडी जागा असते. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार साधारण ४ गोष्टींची. फोनवरच्या माणसाचं नाव, त्याचं चालान, 'संध्याकाळपर्यंत' हे वचन, एवढ्यातच ती जागा भरते. आधीचं काही पुसलं जातं, काही अर्धवट राहतं. कामात पडणारा खंड लांबलचक असावा लागतो असंही नाही. अल्टमन, ट्राफ्टन आणि हॅम्ब्रिक यांनी २०१४ मध्ये लोकांना ठरावीक क्रमाने करायचं एक काम संगणकावर दिलं आणि मध्येच छोटा अडथळा आणला. अडथळा सरासरी २.८ सेकंदांचा होता, तरी क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. ४.४ सेकंदांच्या अडथळ्याने तिप्पट. "एकच मिनिट, पटकन विचारतो" असं म्हणत दारातून डोकावणाऱ्या भल्या माणसाला हे आकडे सांगायला हवेत. त्याचा हेतू चांगलाच असतो, पण मिनिट तो समोरच्याच्या डोक्यातून उचलतो.

हिशेबात चूक झाली तर ती सापडते, दुरुस्त होते, फार तर व्याज किंवा दंड भरावा लागतो. सगळ्याच कामांत अशी सोय नसते. नागपुरात धंतोलीत किंवा रामदासपेठेत एखाद्या रुग्णालयाच्या वॉर्डात औषधांच्या वेळी उभं राहून बघा. सिस्टर ट्रे घेऊन निघालेली असते. कुणाचा नातेवाईक सलाइन संपल्याचं सांगतो, मागून डॉक्टर हाक मारतात, पलीकडे फोन वाजतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या २ रुग्णालयांत जोहाना वेस्टब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९८ परिचारिकांचं औषध देण्याचं काम प्रत्यक्ष पाहून नोंदवलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, प्रत्येक खंडामागे औषध देण्याच्या पद्धतीतल्या त्रुटी १२.१ टक्क्यांनी आणि उपचाराशी थेट संबंध असलेल्या चुका १२.७ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. अनुभवी परिचारिकांनाही हे चुकलं नाही. आपला पेशंट खाटेवर असतो तेव्हा सिस्टरला हाक मारण्याची घाई होणं स्वाभाविक आहे. तिच्या हातात ट्रे असेल आणि काम तातडीचं नसेल, तर तेवढा वेळ थांबावं. आपल्याच माणसाच्या भल्याचं आहे ते.

मग इतकं नुकसान होतं, तर आपल्याला ते जाणवत का नाही? उलट चार आघाड्या सांभाळताना आपण फार काम करतोय असंच वाटतं. ग्लोरिया मार्क यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये केलेल्या एका प्रयोगात याचं उत्तर सापडतं, आणि मला ते या सगळ्या संशोधनातलं सर्वात मोलाचं वाटतं. त्यांनी लोकांना ईमेलची उत्तरं लिहायला बसवलं आणि मध्ये मध्ये व्यत्यय आणले. निकाल अपेक्षेच्या उलट आला. व्यत्यय आलेल्यांनी काम कमी वेळात संपवलं. गेलेला वेळ भरून काढायला त्यांनी वेग वाढवला होता, उत्तरं आखूड लिहिली होती. पण ताण, चीड, घाई आणि करावे लागलेले कष्ट हे सगळं त्यांच्यात जास्त नोंदवलं गेलं. घड्याळाकडे पाहिलं तर फायदाच दिसतो. वसुली होते ती माणसाकडून. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाने साधा प्रश्न विचारला आणि अंगावर धावून जाऊन उत्तर दिलं गेलं, तर तो दिवसभराच्या वेगाचा हप्ता असतो.

यात भर पडते ती मागच्या कामाच्या रेंगाळण्याची. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच अडकून राहतो, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या कामावर होतो. पहिलं काम अर्धवट सोडलं असेल तर हे जास्त होतं. म्हणून मीटिंगमध्ये बसलेला माणूस समोरच्याचं बोलणं ऐकत असतो, मान हलवतो, आणि बाहेर आल्यावर काय ठरलं ते त्याला सांगता येत नाही.

'मला जमतं' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. जमणारे खरंच असतात, पण फार थोडे. युटा विद्यापीठात वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये २०० जणांना गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर बसवून सोबत फोनवर डोक्याचं काम दिलं, तेव्हा कामगिरी अजिबात न घसरलेले निघाले २.५ टक्के. त्याच विद्यापीठातल्या २०१३ च्या अभ्यासात जे लोक सर्वात जास्त वेळा एकावेळी अनेक कामं करतात, त्यांचीच त्या कामातली क्षमता कमी आढळली, आणि स्वतःच्या क्षमतेचा अंदाज मात्र बहुतेकांचा फुगलेला. वर्धा रोडवर हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलत जाणाऱ्यांना बघताना मला हा अभ्यास आठवतो. हात मोकळे असले म्हणून भागत नाही. रस्त्याकडे बघणारे डोळे उघडे असतात, पण निर्णयाची जागा संभाषणाने अडवलेली असते.

आणखी एक समज आहे, त्याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे. 'बायकांना एका वेळी चार कामं करता येतात, निसर्गानेच दिलंय ते.' जर्मनीत हिर्श, कोख आणि कारबाख यांनी २०१९ मध्ये ४८ स्त्रिया आणि ४८ पुरुषांना हेच तपासायला बसवलं. कामं एकाच वेळी करणं असो की आलटून पालटून, दोघांचाही वेग घसरला, दोघांच्याही चुका वाढल्या, आणि दोघांत फरक दिसला नाही. बायका चार कामं एकदम करतात कारण ती त्यांच्यावर एकदम येऊन पडतात. सकाळी साडेसातला कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, डबा भरायचा, मुलाची वही शोधायची, सासूबाईंची गोळी द्यायची आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'ओके' लिहायचं. याचं कौतुक करणाऱ्यांनी त्यातलं एक काम उचलावं. शिट्ट्या तरी मोजाव्यात. गोळी देण्याचं काम तर एकाच माणसाकडे आणि एकाच वेळेला असावं, कारण वर सिडनीतल्या परिचारिकांचं सांगितलं ते स्वयंपाकघरालाही लागू आहे.

उपायांकडे येताना बहुतेक लोक मनोनिग्रहाबद्दल बोलतात. माझं मत वेगळं आहे. लक्ष लागणं न लागणं हे बरंचसं आजूबाजूच्या व्यवस्थेवर ठरतं, आणि व्यवस्था एकट्याने बदलत नाही. विमानांच्या क्षेत्राने हे फार आधी ओळखलं. अमेरिकेत १९७४ मध्ये शार्लटजवळ एक विमान उतरताना कोसळलं. तपासात निघालं की उतरण्याच्या नाजूक वेळी वैमानिकांच्या विमानाशी संबंध नसलेल्या गप्पा चालल्या होत्या. १९८१ मध्ये तिथे नियम झाला: उड्डाण आणि उतरण्याच्या टप्प्यात, साधारण १०,००० फुटांच्या खाली, कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काही बोलायचं नाही, करायचं नाही. वैमानिकांना 'लक्ष द्या' असं त्याआधीही सांगितलं जातच होतं. नियमाने पाहिजे ती शांतता त्यांना मिळवून दिली. आणि गंमत बघा, हा नियम सगळ्या प्रवासाला नाही. उंचावर गेल्यावर गप्पांना मोकळीक आहे. शांतता चुकीची किंमत जास्त आहे तेवढ्याच भागासाठी राखली.

कार्यालयात हेच करता येतं. दिवसातला असा टप्पा ओळखायचा ज्यात चूक महागात पडते. आमच्याकडे तो मिलानाचा. त्या दीड तासात फोन एकाच जणाने घ्यायचे, बाकीच्यांचे फोन ड्रॉवरमध्ये. दारातून विचारायला येणाऱ्याने कागदावर लिहून ठेवायचं. फोन घेण्याची पाळी रोज बदलायची, नाहीतर सगळ्यात नव्या मुलीचाच रोज बळी जातो. ग्राहकांना आधीच सांगून ठेवायचं की साडेअकरानंतर फोन करा. लोक रागावतील ही भीती असते. बहुतेक रागावत नाहीत, कारण त्यांना हवं असतं ते नक्की उत्तर, आणि साडेअकराला ते मिळतं.

फोन ड्रॉवरमध्येच का, टेबलावर पालथा का नाही? स्टोथार्ट आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगात फोन हातात न घेता, नुसता वाजला किंवा थरथरला तरी चालू कामातल्या चुका वाढल्या. कोण असेल, काय असेल, हा विचार सुरू व्हायला तेवढं पुरतं. शिवाय ग्लोरिया मार्क यांच्या निरीक्षणांत आणखी एक गोष्ट पुढे आली: कामातल्या खंडांपैकी निम्म्याच्या जवळपास खंड माणूस स्वतःच पाडतो, कुणीही हाक न मारता. कंटाळा आला, अवघड ओळ आली, की हात आपोआप फोनकडे जातो. दोन पावलं चालत जाऊन ड्रॉवर उघडावा लागला तर त्यातले बरेच वेळा हात परत येतो.

तरी खंड येणारच. साहेब बोलावतील, मुलाच्या शाळेतून फोन येईल. अशा वेळी उठण्याआधी अर्ध्या मिनिटात दोन ओळी लिहायच्या: कुठवर आले, परतल्यावर पहिलं काय करायचं. 'बिल ४७ झालं, ४८ ची रक्कम टाकायची, कर तपासायचा' एवढं पुरतं. लेरॉय आणि थेरेसा ग्लोम्ब यांच्या २०१८ च्या अभ्यासात अशी छोटी नोंद करून उठलेल्यांचं लक्ष पुढच्या कामात जास्त चांगलं लागलं. अर्धवट कामाची जबाबदारी कागदाने घेतली की मन ती सोडतं.

वेळ निवडताना आपल्या गावाचा विचार करावा लागतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि दुपारी दोनला कूलरही गरम हवा फेकतो. बोस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. एसी नसलेल्या वसतिगृहातल्या मुलांची उत्तरं सावकाश आली आणि बेरजा-वजाबाक्या कमी झाल्या. ती तर धडधाकट तरुण मुलं होती. उन्हाळ्यात डोक्याचं काम सकाळी आठ ते अकरात बसवावं आणि दुपारी फाइल लावणं, फोन परत करणं, झेरॉक्स काढणं असली कामं ठेवावीत. दुपारी मुलाचा अभ्यास होत नाही म्हणून त्याला आळशी ठरवण्याआधी त्याची वेळ बदलून बघावी.

ज्यांचं कामच व्यत्ययांचं आहे, त्यांना मात्र यातलं बरंचसं परवडत नाही. औषधाच्या दुकानातला काउंटरवरचा मुलगा गिऱ्हाइकाला 'साडेअकरानंतर या' म्हणू शकत नाही. बँकेच्या खिडकीवरच्या माणसाचं, रिसेप्शनवरच्या ताईंचं, लहान मूल घरात असलेल्या आईचंही तेच. त्यांच्यासाठी एक गोष्ट उरते, आणि ती संशोधनालाही धरून आहे: खंड कामाच्या मधोमध आला तर महाग पडतो, एक पायरी संपवून दुसरी सुरू होण्याच्या जागी आला तर बराच स्वस्त. म्हणून हाक आली तरी हातातली पायरी संपवायची. गोळ्यांची पट्टी मोजत असाल तर मोजून, आकडा लिहून मग मान वर करायची. पैसे मोजत असाल तर गड्डी पुरी करायची. तेवढ्या वेळासाठी समोरच्याला तळहात दाखवून "एक मिनिट हं भाऊ" म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. आणि मोजणी अर्ध्यावर सुटलीच, तर आठवून पुढे जायचं नाही, पुन्हा एकपासून सुरू करायची.